स्टिअरिंग हलकं झालं तेव्हा

पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर विहीर येते, नाहीतर सायकलच्या दुकानातला हवा भरायचा पंप येतो. मी त्यातला कुणीच नव्हे, मित्रांनो. एका मिनीव्हॅनच्या पोटात आयुष्य काढलेला, मुठीहून थोडा मोठा, तेलकट, काळा पडलेला म्हातारा पंप आहे मी. गाडीचं स्टिअरिंग बोटाच्या इशाऱ्यावर वळतं ना, ते माझ्या जिवावर. तेल दाबून पुढे पाठवायचं आणि माणसाच्या हाताला जोर द्यायचा, एवढं माझं काम. मी दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही नाही. आपल्या पोटातल्या यकृताला कोण रोज नमस्कार करतं?

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. धातू ओतला, घासला, आत पात्यांचं इवलंसं चक्र बसवलं. मग एका बाईने मला दिव्यासमोर फिरवून पाहिलं आणि ती "ठीक" म्हणाली. आयुष्यातली ती पहिली शाबासकी, आणि बराच काळ शेवटचीही. पुढे मी ओहायोतल्या डेटन शहरात, रोशेलबाईंच्या निळ्या मिनीव्हॅनमध्ये आलो. काय काय वळवलं मी तिथे! तान्ह्या डेलियाला दवाखान्यात नेलं, बर्फात घसरणारी गाडी सावरली, आणि दर रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या चार बायका त्यांच्या परातीएवढ्या टोप्यांसकट सुखरूप पोचवल्या.

मग एका नळीची पकड सैल झाली आणि तेल थेंबथेंब गळू लागलं. तेल कमी झालं की आमची जात कण्हते. मी कण्हलो. रोशेलबाईंनी रेडिओचा आवाज वाढवला. मी आणखी कण्हलो, त्यांनी आणखी वाढवला. शेवटी सगळी गल्ली भजनं ऐकू लागली, पण झाकण उघडून तेल काही कुणी बघितलं नाही.

हळूहळू माझ्यातला जोर सरला. गाडी वळवायची म्हणजे जातं ओढावं तसे दोन्ही हात लावावे लागत. रोशेलबाईंचा उजवा खांदा आधीच कुरकुरत होता, तो आता पुरता गेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी गुरुवार दिला आणि पुढे दोन महिने गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं. घरात माणसं दोनच, रोशेलबाई आणि सोळा वर्षांची डेलिया. म्हणजे त्याआधीच्या सोमवारी डेलियाने लायसन्सची परीक्षा पास होणं भागच होतं. नाहीतर आईला दवाखान्यात नेणार कोण आणि आणणार कोण?

परीक्षेला आपलीच गाडी न्यायची असते. पाच शंकू मांडलेले असतात. त्यांच्यामधून गाडी पुढे काढायची आणि तशीच मागे आणायची. शंकू पाडला की नापास. डेलिया माझ्यासारख्या अधू पंपावर शिकली होती, पण सरावात तिने एकही शंकू पाडला नव्हता. दंड असे कमावले होते की वर्गातली मुलं तिच्याशी पंजा लढवायला बिचकत. तरी एवढी कण्हणारी, तेल गाळणारी गाडी परीक्षक दारातूनच परत पाठवतील, अशी धास्ती तिच्या आईला होती. म्हणून शनिवारी सकाळी घरासमोरच गाडी जॅकवर चढली आणि बर्नी मावशी आली.

बर्नी मावशी म्हणजे रोशेलबाईंची धाकटी बहीण. ती केशभूषेचं दुकान चालवते.

"बर्नी, तू पंप कधी बदललायस का?" रोशेलबाईंनी पायरीवर बसून विचारलं.

"मी नवरा बदललाय. पंप काय मोठा?"

"नवरा बदलताना व्हिडिओ बघावा लागला नव्हता."

"बघायला हवा होता," मावशी म्हणाली आणि तिने रंगीत नखांवर हातमोजे चढवून गाडीत डोकं खुपसलं.

पट्टा निघाला, तेल उपसलं, नळ्या सुटल्या. सुट्या भागांच्या दुकानातून वापरायला आणलेल्या खास अवजाराने माझी पुली, म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो ते चाक, खेचून काढली. एवढी वर्षं गळ्यात मिरवलेली पुली, मित्रांनो. ती आता नव्या पंपाच्या गळ्यात जाणार होती. मला पुठ्ठ्यावर ठेवलं. कारखाना सोडल्यापासून उजेडात मी पहिल्यांदाच आलो होतो. उजेड बरा असतो, पण आपण किती मळलोय तेही त्यातच कळतं.

पुली बसवायला मावशीने हातोडी उचलली. "दोन टोल्यांचं काम."

"मावशी, खाली ठेव. ठोकलीस तर नव्या पंपाचा दांडा आतून मोडेल. स्क्रूने हळूहळू दाबत न्यायची," डेलिया म्हणाली. "व्हिडिओतला माणूस एवढ्यावरच ओरडतोय."

"मला ओरडणारी माणसं आवडत नाहीत."

"म्हणून हातोडी माझ्याकडे दे."

पुली नीट बसली. नळीची पकडही नवी घातली. तेल भरलं, आणि इंजिन बंद ठेवूनच डेलिया स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिली. तेलातले बुडबुडे थांबले, तेव्हा कुठे मावशीने मान डोलावली. इंजिन चालू झालं. चिडीचूप. रोशेलबाईंनी चक्क हात जोडले. मला नव्याच्या खोक्यात घालून सीटच्या मागे ठेवलं, कारण दुकानदार जुना पंप दुरुस्तीसाठी परत घेतो.

संध्याकाळी सगळे चर्चच्या मोकळ्या वाहनतळावर गेले. शंकू नव्हते. मावशीने दुकानातली, केसांचे टोप घातलेली पुतळ्यांची डोकी स्टँडसकट आणली आणि मांडली. डेलियाने ऐटीत गाडी सोडली, नेहमीसारखा दंडाचा जोर लावून स्टिअरिंग ओढलं, आणि गाडी गर्रकन वळून एका सोनेरी डोक्यावर गेली.

"ते चांगल्या गिऱ्हाइकाचं होतं," मावशी बाहेरून म्हणाली.

दुसऱ्यांदा कुरळं डोकं पडलं. तिसऱ्यांदा दोन एकदम. मुलगी जड गाडीवर शिकली होती. हलकी गाडी तिच्या हातांना परकीच होती. अंधार पडेपर्यंत एकही फेरी धड झाली नाही. शेवटी तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"जुनाच परत बसव ना, आई. मला त्याच्यावर येत होतं."

मित्रांनो, मला कुणीतरी परत मागत होतं. खोक्यात मी खूप सुखावलो, खोटं कशाला सांगू? पण शेजारी बसलेल्या रोशेलबाईंनी आपला खांदा धरला.

"तू गाडीशी कुस्ती खेळायला शिकलीस, बाळा," त्या म्हणाल्या. "गाडी अशीच असते, असं मीच तुला भासवलं. माझ्या खांद्याकडे बघ. तुझा पण असाच करायचाय का?"

डेलियाने खाली उतरून पडलेली डोकी गोळा केली.

रविवारी चर्च सुटल्यावर रोशेलबाईंनी वेफरचा पुडा फोडला. लेकीच्या दोन्ही तळव्यांखाली, स्टिअरिंगवर, एकेक वेफर ठेवला. "मोडला की खायचा आणि पुन्हा सुरुवात."

पहिल्या तासात डेलियाचं पोट भरलं. दुसऱ्या तासात पुड्याला कुणी हात लावेना. सूर्य कलला तेव्हा एक अख्खी फेरी झाली. सगळी डोकी उभी होती आणि दोन्ही वेफर शाबूत होते. मावशीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती टोप विंचरत बसली, हसू लपवायला.

सोमवारी परीक्षक शेजारी बसला. मी मागे, खोक्यात. जाताना झकास. मागे येताना एक शंकू चाकाला घासला आणि डुलू लागला. डेलियाने हात घट्ट केले नाहीत. शंकू दोनदा झुकला आणि उभा राहिला. परीक्षकाने गुण कापले, पण पास केलं.

दुकानात जायला कुणाला सवड झाली नाही, म्हणून गुरुवारीही मी गाडीतच होतो. शस्त्रक्रिया करून रोशेलबाई परतत होत्या. हात गळ्यातल्या झोळीत, डेलियाच्या शेजारच्या सीटवर. जाताना प्रत्येक वळणावर त्यांनी आपल्या पायाशी नसलेला ब्रेक दाबला होता. येताना मात्र पहिल्या सिग्नललाच त्यांचा डोळा लागला. घरापाशी मोठं वळण आहे. डेलियाने ते इतकं अलगद घेतलं की आईची मानसुद्धा हलली नाही. त्या दिवशी मला त्या गाडीत काहीच काम नव्हतं, पण एवढ्या वर्षांत इतकं छान वळण मी घेतलं नव्हतं. मग ती दारात गाडी लावून आईला आपणहून जाग येईपर्यंत तशीच बसून राहिली.

आता मी दुकानाच्या फळीवर आहे. मला उघडतील, धुतील, नवी वायसरं घालतील आणि कुणाच्या तरी गाडीत पुन्हा कामाला लावतील. मी तयार आहे. तुम्हाला एकच सांगणं आहे, मित्रांनो. यंत्राचं दुखणं लहान असतं तेव्हा ते यंत्रच सोसतं. मोठं झालं की ते शेजारच्या माणसाच्या अंगावर जातं. म्हणून अधूनमधून तेवढं झाकण उघडून बघत जा. घरात कुणाचा तरी खांदा शाबूत राहील.