सहा कप्प्यांचा पितळी डबा

सेतुरामनं त्या डब्यावर सात महिने घालवले होते. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत तो मायक्रोवेव्ह फिल्टर बनवायचा. असंख्य लहरींतून नेमका एक पट्टा पुढं सोडायचा, बाकीच्या अडवायच्या. अडवणं जमत होतं. पण पट्ट्यातल्या सगळ्या लहरींना सारखाच उशीर व्हायला हवा, नाहीतर संदेश फिसकटतो. लिनिअर फेज म्हणतात ती हीच, आणि तिथंच सगळं अडलं होतं. सेतुरामनं सहा कप्पे तीन-तीनच्या दोन ओळींत पाठीला पाठ लावून मांडले आणि दुसऱ्या-पाचव्याच्या मधल्या भिंतीला एक भोक ठेवलं. कागदावर गणित जुळलं. एवढं बारीक पितळकाम मात्र तंजावूरचा सुब्रमण्यम आसारीच करू जाणे, म्हणून सेतुराम रजा काढून गावी आला होता. मराठी राजांच्या काळी तंजावूरला येऊन राहिलेल्या घरांपैकी एक त्याचं.

अडुसष्टचा जानेवारी होता. हिंदीविरुद्ध गावात दगड चालले होते.

"आज निघू नका, सार," आसारी तमिळमध्ये म्हणाला.

"परवा मोजणी आहे. बस गाठायलाच हवी."

त्यानं डबा पंच्यात गुंडाळून सायकलला बांधला. राजवाड्याच्या कोपऱ्यावर हिंदी पाट्यांना फासायला डांबराच्या बादल्या घेतलेल्या पोरांनी त्याला अडवलं. एकानं पंचा ओढला. पितळेवर देवनागरीत दोन शब्द कोरलेले होते: 'आत' आणि 'बाहेर'. पुण्यात शिकताना लागलेली सवय.

"हिंदी!"

"हिंदी नव्हे, मराठी! आमच्या घरची भाषा," सेतुराम तमिळमध्ये ओरडला. ऐकतो कोण? पाठीत सायकलची साखळी बसली. तो गटारात कोसळला, तोंडावर लाथ आली, दात तुटून जिभेवर आला. एका उंच, काटकुळ्या पोरानं डबा उचलून दगडी पायरीवर आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा सांधा उकलला.

सेतुराम उठला. डबा हिसकावला आणि दोन्ही हातांनी फिरवला. कोपरा पोराच्या डोळ्यात बसला. पोर खाली पडलं. सेतुरामला थांबता आलं असतं. त्यानं आणखी दोनदा मारलं.

"आई गे! मारूं नका जी!"

मराठीत.

रक्त बघून बाकीचे पळाले. सेतुरामनं त्याचं तोंड पुसलं. आळीतल्या शेषम्मांचा मुलगा, सूर्यनारायण! ह्याच्या मुंजीला तो जेवला होता.

"तुला ही अक्षरं वाचतां येत नाहीत रे?"

"नाही," पोर कण्हत म्हणालं. "आम्हांस कोणी शिकवलेंच नाही."

डावा डोळा गेला. इस्पितळाच्या व्हरांड्यात शेषम्मा धावत आल्या.

"कोणी मारलें?"

"मी."

त्यांनी फाडकन मुस्काटात दिली. मग दुसरी. हात थकेपर्यंत मारत राहिल्या, आणि शेवटी त्याच्याच शेजारी जमिनीवर बसून रडल्या. सूर्यनारायणनं पोलिसांना दगड लागल्याचं सांगितलं. सेतुरामनं मात्र ठाण्यावर जाऊन खरं ते लिहून दिलं.

कोर्टानं आठ महिन्यांची शिक्षा दिली. आसारीनं त्याच नकाशावरून दुसरा डबा केला. तो पहिल्याच मोजणीत खरा उतरला, लहरींचा उशीर पट्टाभर सपाट आला, असं प्रयोगशाळेतल्या सोबत्याचं पत्र तुरुंगात आलं. सेतुरामनं ते दोनदा वाचलं. त्याला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचीच शिसारी आली.