गाठीचं शेपूट

वारा काही ऐकेना, पाणी काही निजेना. होडी अशी उसळत होती की शिंप्याला पोट कुठं आणि जीव कुठं ते समजत नव्हतं. तरी आज त्याचा सगळा जीव अडकला होता तो बोटांत.

सासरची ही वर्षातली एक सहल. भाड्याची होडी, चार गळ, आणि सगळ्यांत मोठा मासा कोणाचा यावरून वर्षभर पुरेल इतकी टिंगल. आजवर सगळ्यांच्या गळांना गाठी मारायचे ते सासरे, अण्णा. यंदा त्यांची बोटं थरथरायला लागली. काल संध्याकाळी त्यांनी गळांचा डबा दोन्ही लेकांना ओलांडून जावयापुढे सरकवला. "जावईबापू, तुमचा हात बारीक कामाचा. यंदा तुम्ही मारा."

थोरला मेव्हणा बेकरीवाला. त्याचं तोंड तेव्हाच करपलं. लग्नाला सात वर्षं होऊनही शिंप्याला या घरात चहा पाहुण्यासारखा बशीसकट मिळे. काल पहिल्यांदा नुसता कप आला होता.

"दाजी, होडी धरा, होडी तुम्हाला धरणार नाही!" धाकटा मेव्हणा ओरडला.

तेवढ्यात थोरल्याच्या गळाची दांडी वाकली, दोरी ताणली, आणि सटकन सैल पडली. गळ गेला.

"वाऱ्यानं तोडली," होडीवाला म्हणाला. "पाणी चढतंय. अर्ध्या तासात परत फिरायचं."

थोरल्यानं रिकामी दोरी आत ओढली. तिचं टोक शिंप्याच्या गुडघ्यावर आलं. ते तुटलेलं नव्हतं, वेटोळं पिळलेलं होतं. उसवलेल्या शिवणीतला धागा असाच वळलेला राहतो.

शिंपी गार पडला. उस्तादानं लहानपणी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं: गाठ मारली की उरलेल्या धाग्याचं शेपूट छाट, ते दिसलं की गिऱ्हाईक गेलं. काल सवयीनं त्यानं चारही गाठींची शेपटं मुळाशी छाटली होती. सूत धरून राहतं, नायलॉन निसटतं. हे उमगलं ते भर पाण्यात.

सांगितलं तर डबा थोरल्याकडे जाईल, जन्मभरासाठी. गप्प बसलं तर वाऱ्याच्या नावावर सगळं खपेल. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"दाजींच्या बुडाखाली खेकडा आहे का बघा रे!" धाकटा खिदळला.

आणि अण्णांची दांडी कमानीसारखी वाकली. पाय रोवून म्हातारा उभा राहिला. चेहऱ्यावरची वीस वर्षं वाऱ्यानं उडवून नेली. "बाप आहे रे हा, बाप!"

"अण्णा, ओढू नका!" शिंप्याच्या तोंडून निघून गेलं. "गाठ सुटेल. शेपटं छाटलीत मी, सगळ्यांची. दादांची तुटली नाही, सुटली."

"तरी म्हणत होतो!" थोरला कडाडला. "सदऱ्याचं बटण आहे का हे?"

 अण्णांनी दोरी सैल सोडली, जरा ओढली, पुन्हा सोडली. रुसलेलं लेकरू घरी आणावं तसं. मासा होडीच्या कडेपर्यंत आला, कुशीवर वळला, चांदी लखलखली. होडीवाल्यानं जाळी पुढं करेतो गाठ निसटली. पाण्यानं आपलं माणूस परत नेलं.

होडीवाल्याचा हात इंजिनाकडे गेला.

"दहा मिनिटं थांब रे," अण्णा म्हणाले. थोरल्यानं डब्यासाठी हात पुढं केला होता. अण्णांनी डबा शिंप्याच्या मांडीवर ठेवला.

"वाईट वाटलं मला. फार वाटलं," अण्णा म्हणाले. "पण माझ्या किती गाठी सुटल्यात ते या पोरांना ठाऊक नाही. दरवेळी वाऱ्याचं नाव सांगितलं मी. मार पुन्हा. शेपूट बोटभर ठेव."

थरथरत्या बोटांनी त्यांनी दोरीचं एक टोक धरलं. दुसरं शिंप्यानं. होडी हलत होती, अण्णांचा हात हलत होता, आणि त्या हलण्यातच त्यानं वेढे घातले, थुंकीनं ओले केले, आवळले. मग त्याचा हात आपसूक खिशातल्या कात्रीकडे गेला.

थोरल्यानं ती मधल्यामध्ये काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"काठावर गेलो की मिळेल, दाजी."