न धुवायचं फडकं

या, जरा जवळ सरकून बसा. एका फडक्याची गोष्ट ऐकवायची आहे. लहानशीच आहे, पण मन लावून ऐकलीत तर घरी नेण्याजोगी आहे.

बनुबाईनं शेवटचं फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकून चिमटा लावला. सुप्याच्या कारखान्यांमागच्या पाळणाघराच्या अंगणात फडक्यांची रंगीत रांग हलायला लागली. दुपारी तपासणीला पुण्याहून माणसं यायची होती. सोनईहून येऊन बनुबाई इथं कामाला लागली त्याला जेमतेम आठवडा झाला होता, आणि मुलांच्या पिशव्यांतली ती मळकी फडकी तिला पहिल्या दिवसापासून खुपत होती.

पाळणाघर चालवणारी मधुवंती दारात येऊन थांबली.

"बनुबाई, ही फडकी कुणी धुतली?"

"मीच की. लई कळकट हुती, ताई. पाहुणे काय म्हनतील?"

मधुवंती पायरीवर बसली. आवाज तिनं चढवला नाही.

"ती पुसायची फडकी नाहीत. प्रत्येकाच्या आईच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा आहे. आई कामावर गेली की झोपताना मूल तो नाकाशी धरतं. म्हणून आपण धुत नाही. आईच शनिवारी घरी नेते, उशाशी घेऊन झोपते आणि परत आणते. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुम्हांला."

बनुबाईनं ओले हात पदरात धरले.

"मंग आता?"

"आता फोन करायचे."

जेवणाच्या सुट्टीत मधुवंती फाटकाशी गेली; आयांपैकी कुणी ओढणी दिली, कुणी रुमाल. कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार मधुवंतीच्या हातातला ढीग बघून म्हणाला, "आज बाजार भरवलाय का काय, ताई?"

ती परतली तेव्हा बनुबाई दोरीपाशी उभी होती. एका हिरव्या, पिवळ्या बुट्ट्यांच्या फडक्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्याचं काय आनलं न्हाई तुमी?"

"ते राजेश्वरीचं. तिच्या आईच्या, रोहिणीच्या, साडीचा तुकडा. रोहिणी पावसाळ्यात गेली. डेंग्यू झाला होता."

बनुबाईनं ते ओलं कापड दोन्ही हातांत घेऊन नाकाशी नेलं. मग परत दोरीवर नीट पसरलं, चिमटा लावला आणि चिमट्यावर हात तसाच ठेवून उभी राहिली.

दुपारी मुलं रोजच्यापेक्षा जास्त रडली. पाहुण्यांनी खिडक्यांची उंची मापली, पाण्याचा माठ उघडून बघितला, काहीबाही लिहून घेतलं. बनुबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. पंढरीच्या राजाचं नाव तोंडातल्या तोंडात चाललं होतं आणि मृदंगावर पडावा तसा हात मांडीवरच्या पोरीच्या पाठीवर हलके पडत होता. पोर होती राजेश्वरी. ती गाढ झोपली होती.

पाहुणे गेल्यावर मधुवंती जवळ आली.

"हिनं मागितलं नाही?"

"न्हाई. आन ताई, एक सांगू का? मी आले तवाधरनं बघतीय, ही त्याला हात लावत न्हाई. पिशवीतला लाडू काढती आन पिशवी बंद करती."

बाकीची फडकी शनिवारीच घरी जायची. राजेश्वरीचं मात्र तिचा बाप, अंगद, रोज संध्याकाळी न्यायचा आणि रोज सकाळी पिशवीत घालून आणायचा. पोरीला रात्री लागत असेल, असं मधुवंतीनं धरून चाललं होतं.

मुलाच्या बाबतीत दिवसभरात जे घडलं ते त्याच संध्याकाळी घरच्यांना सांगायचं, हा पाळणाघराचा नियम. कारखान्यातली पाळी सुटल्यावर अंगद आला, तेव्हा मधुवंतीनं तोंड उघडण्याआधी बनुबाई पुढं झाली.

"दादा, माझ्या हातनं चूक झाली. तुमच्या लेकीचं फडकं मी धुतलं. मला ठावं नव्हतं."

अंगदनं आधी तिच्याकडे बघितलं, मग मुलीकडे.

"राजी झोपली का दुपारी?"

"झोपली. रडली न्हाई."

"मग झालं तर."

वाळलेलं फडकं त्यानं हातात घेतलं. ते पिशवीकडे नेता नेता त्याचा हात मध्येच वळला आणि सवयीनं नाकाशी गेला. तसाच राहिला. राजेश्वरी त्याची पँट ओढत होती.

"बाबा, चला ना."

त्यानं फडक्याची चौघडी केली. कडेला कड जुळवली, मग पुन्हा एकदा जुळवली.

"साबण चांगला हाय, मावशी," तो म्हणाला आणि पोरीला खांद्यावर घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईनं पिशवी उघडली. हिरवं फडकं नव्हतं. त्याच्या जागी कामावरच्या निळ्या शर्टाची फाडलेली बाही होती, कोपरापाशी काळपट झालेली.

"हे राजीला व्हय?"

"व्हय," अंगद चपला घालत म्हणाला. "एवढं धुऊ नका."

"न्हाई धुत."

दुपारी राजेश्वरीनं लाडू काढला. बाही हुंगली, नाक मुरडलं.

"ऑईल," ती बनुबाईला म्हणाली. मग लाडू खाऊन, बाही गालाखाली घेऊन आडवी झाली.

ते हिरवं फडकं आता कुठं असतं, हे पाळणाघरात कुणी अंगदला विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. आज देवापाशी दिवा लावाल, तेव्हा मात्र घटकाभर रोहिणीची आठवण काढा.