बिअरची पैसेवारी

चारठाण्याचे अण्णासाहेब महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तरी पैसेवारी काही त्यांच्या हातून सुटली नाही.

पैसेवारी म्हणजे गावाच्या पिकाला सरकारने दिलेले गुण. भरघोस पीक आलं तर शंभर पैसे. पन्नासच्या खाली गेलं, की गाव दुष्काळाच्या सवलतींना पात्र ठरतं: शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, वसुलीला स्थगिती. त्यामुळे परभणी जिल्ह्यात या परीक्षेचा निकाल उलटा वाचतात. गाव पन्नासच्या खाली आलं, की पारावर चहा होतो आणि वर गेलं, की लोक सुतकात असल्यासारखे बसतात.

अण्णासाहेबांच्या मंडळातली जमीन हलकी आणि पाऊस लहरी. कमी पैसे देण्यासाठी त्यांना कधी खोटं बोलावं लागलं नाही. पण हाताला एकदा वळण पडलं ते पडलंच. घरातही ते पैशातच बोलत. पत्नी कावेरीबाईंच्या पुरणपोळीला अठ्ठेचाळीस. नव्या जावयाला चव्वेचाळीस. मुलगा सारंग दहावीला केंद्रात पहिला आला, तेव्हा "सत्तेचाळीस" म्हणून त्यांनी त्याच्या तोंडात पेढा घातला. कुणाला राग येत नसे. अण्णासाहेब ज्याला जितके कमी पैसे देतात, त्याची त्यांना तितकी जास्त काळजी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सारंग परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकला आणि बेल्जियमला गेला. तिथे घेंट शहराजवळच्या एका खेड्यात तो बिअरच्या छोट्या कारखान्यात शिकाऊ होता. घरी हे माहीत होतं. गावात "धान्यावर प्रक्रिया" एवढंच सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारचे किशनराव शेतकरी माणूस. धान्यावरची प्रक्रिया म्हणजे बिस्किटं, असं त्यांनी आपल्या मनाने ठरवलं होतं.

अण्णासाहेब आणि कावेरीबाई सारंगकडे निघाले, त्या दिवशी किशनराव जिंतूरच्या बसथांब्यापर्यंत पोचवायला आले.

"साहेब, येताना बिस्किटं आणा. पोराच्या हातची."

"आणतो," अण्णासाहेब म्हणाले.

"मऊ असली तं बरं. माझे दात गेले."

बस हलल्यावर कावेरीबाई म्हणाल्या, "आता काय सांगायलाव त्यांला?"

"म्हणावं, पातळ झाली."

अण्णासाहेबांनी बिअर कधी घेतलीच नव्हती, असं नाही. परभणीला बैठकीचं निमित्त असायचं. कावेरीबाईंना ते ठाऊक होतं. आणि आपल्याला ठाऊक आहे, हे त्या अण्णासाहेबांना कळू देत नसत. बेल्जियममध्ये मात्र मुलानेच समोर ग्लास ठेवला, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही.

सारंगने रजा काढून दोघांना देश दाखवला. गिरिजाघरं, कालवे, पवनचक्क्या आणि प्रत्येक गावात तिथली बिअर. अण्णासाहेब ती शेतात उभं राहून पीक बघावं तशी बघत. ग्लास उजेडाला धरायचा. तिरका करायचा. वास घ्यायचा. एक घोट. मग बाहेर रस्त्याकडे बघत गप्प बसायचं. मग आकडा.

ब्रुसेल्सच्या सोनेरी बिअरला शेहेचाळीस मिळाले. ब्रुजमध्ये गव्हाची, धने आणि संत्र्याची साल घातलेली बिअर आली. तिला चव्वेचाळीस.

"धने वरणात घालतात," अण्णासाहेब म्हणाले.

अँटवर्पला चेरीची लालभडक बिअर आली. अण्णासाहेबांनी घोट घेतला आणि ग्लास हलकेच लांब सरकवला.

"एकतीस. इथं टँकर लावावा लागंल."

वेटरने अदबीने विचारलं, "कशी वाटली?" अण्णासाहेबांनी इंग्रजीत "थर्टी वन" सांगितलं. वेटर एकतीस नंबरच्या टेबलाकडे गेला आणि तिथल्या माणसांना बिल देऊन आला.

एका गावात सारंगने सांगितलं, की इथली गडद बिअर मठातले संन्यासी बनवतात.

"म्हणजे साधू?" कावेरीबाईंनी विचारलं.

"साधूच म्हण. पहाटे उठून प्रार्थना करतात, लग्न करत नाहीत, बोलतात पण कमी."

कावेरीबाईंनी उजव्या हाताची पळी केली. "घाल थोडी."

"आई, ती बिअर आहे."

"साधूच्या हातची हाय ना? घाल."

सारंगने तळहातावर थोडी ओतली. कावेरीबाईंनी ती तीर्थासारखी घेतली, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि तोंड कडू करून म्हणाल्या, "लय कडक तपश्चर्या हाय बाबा." त्या बिअरला अण्णासाहेबांनी सत्तेचाळीस दिले. त्यांच्या हिशेबात हे फारच झालं.

रजा संपली, तसे तिघे सारंगच्या कारखान्यात आले. मालकीणबाईंचं नाव गोडलीव. उंच, पांढऱ्या केसांच्या, शब्दाला पक्क्या. कावेरीबाई पहिल्या दिवसापासून त्यांना गोदाबाई म्हणू लागल्या आणि त्याही ओ देऊ लागल्या.

गोदाबाईंच्या वडिलांपासून तिथे एक रीत होती. नवी बिअर बाजारात आणण्याआधी पाच पाहुण्यांना बोलवायचं. ग्लासवर नाव नाही. बनवणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही. पाहुण्यांनी शंभरपैकी गुण द्यायचे. एका जरी पाहुण्याने पन्नासच्या खाली गुण दिले, तर ती बिअर रद्द. यंदा पाच नव्या बिअर होत्या. त्यातली एक सारंगची. ती पसंत पडली तर सारंग कायम होणार होता. नाही तर महिनाअखेरीस करार संपत होता आणि त्याबरोबर देशात राहण्याचा परवानाही.

त्या दिवशी पाच पाहुण्यांपैकी गावचा औषधवाला आजारी पडला. शंभरपैकी गुण द्यायचे, एवढंच खुणेने सांगून गोदाबाईंनी अण्णासाहेबांना बसवलं. मुलाचे वडील असले म्हणून काय झालं, ग्लासवर नाव कुठे आहे? सारंगला हे कळलं, तेव्हा तो मागच्या कोठारात होता आणि दार बंद झालं होतं. त्याने बारीक खिडकीतून वडिलांना खुणा केल्या. दोन्ही हात वर नेले, पुन्हा वर नेले. अण्णासाहेबांना वाटलं, पोरगं नमस्कार करतंय. त्यांनी मान हलवून आशीर्वाद दिला.

अण्णासाहेब आणि कावेरीबाई टेबलाच्या टोकाला बसले. पहिल्या ग्लासला शेहेचाळीस. दुसऱ्याला पंचेचाळीस. तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि अण्णासाहेब थांबले. पुन्हा वास घेतला. मग काही न बोलता तो कावेरीबाईंपुढे धरला.

कावेरीबाईंनी वाकून हुंगलं. "आंबील!"

"हळू."

"अहो, आपल्या ज्वारीच्या आंबिलीचा वास हाय हा. मागल्या साली मी पिशवी धाडली होती. पीठ नको, दाणेच धाड म्हणला. मला वाटलं, गिरणी घेतली पोरानं."

अण्णासाहेबांनी घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं. आणखी एक घोट घेतला. या देशात आल्यापासून कुठल्याच बिअरचा त्यांनी दुसरा घोट घेतला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी रुमालाने टिपलं.

"किती देऊ?"

"आपल्या लेकराची हाय. द्या की मोकळ्या हातानं. पस्तीस द्या."

"पस्तीस लय कमी दिसंल. लोकांना संशय येतो," अण्णासाहेब म्हणाले, आणि त्यांनी अडतीस लिहिले.

उरलेल्या दोन ग्लासांनाही चाळिशीतलेच पैसे मिळाले. दोघे समाधानाने बसले. मुलाला परदेशात आपण याहून जास्त काय देणार, असा भाव दोघांच्या चेहऱ्यावर होता.

निकाल वाचला गेला. पाचही बिअर रद्द. कारखान्याच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. शेजारी बसलेले शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक अण्णासाहेबांकडे जराशा आदराने बघू लागले. इतका कडक परीक्षक त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. गोदाबाईंनी पाचही पिंपांवर सकाळी रिकामी करण्याची खूण केली आणि आत निघून गेल्या.

सारंग अंगणात आला.

"अण्णा, अडतीस?"

"वळखली मी. वासावरनं वळखली. म्हणून तर बाकीच्यांपेक्षा कमी दिले तुला."

"अहो, इथं पन्नासच्या खाली नापास असतं!"

"नापास कसं? पात्र."

"कशाला पात्र?"

"मदतीला," अण्णासाहेब म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

"कोण करणार मदत? बेल्जियमचा कलेक्टर?"

"तुझ्या बापावर कामून ओरडायलास?" कावेरीबाई मधे पडल्या. "पस्तीस मीच म्हणले होते. यांनी तीन वाढवून दिले."

सारंग पायरीवर बसला आणि हसायला लागला. ते हसू चांगलं नव्हतं. मग त्याने करार, परवाना, सगळं सांगितलं.

"म्हणजे आता?" कावेरीबाईंनी विचारलं.

"आता काय, परत यायचं. परभणीला बघू काहीतरी."

"म्हणजे घरी?"

हे विचारताना कावेरीबाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि त्यांनी लगेच पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. अण्णासाहेबांनी ते पाहिलं. त्यांनाही तसंच काहीसं झालं होतं. काही केलं नसतं, तरी चाललं असतं. सकाळी पिंपं रिकामी झाली असती आणि दिवाळीला मुलगा चारठाण्यात असता.

ते उठले, शर्ट नीट खोचला आणि गोदाबाईंच्या खोलीचं दार वाजवलं.

"सांग त्यांला," ते सारंगला म्हणाले, "ही नजरअंदाज पैसेवारी होती."

"म्हणजे?"

"आधी नजरअंदाज लावतात. मग सुधारित. मग अंतिम. मधी हरकती मागवतात. माझी हरकत हाय."

"कुणाच्या निर्णयावर?"

"माझ्याच."

सारंगने जमेल तसं भाषांतर केलं. गोदाबाईंना पैसेवारी समजायला बराच वेळ लागला. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, की पीक चांगलं असेल तर? अण्णासाहेब म्हणाले, आमच्याकडे पीक वाईटच असतं. फक्त काही साली ते चांगलं वाईट असतं. गोदाबाई म्हणाल्या, त्यांचे वडीलही शेतकरी होते आणि सरकारी माणूस आला, की गाईला चारा कमी घालत. मग त्यांनी निर्णय दिला. फेरतपासणी एकदाच. लिहून नाही, तोंडाने. आणि प्रत्येक आकड्याचं कारण सांगायचं.

पाच ग्लास पुन्हा मांडले गेले. या वेळी सारंगला भाषांतरासाठी आत थांबावं लागलं.

पहिल्याला अण्णासाहेबांनी बहात्तर दिले. दुसऱ्याला अडुसष्ट. चौथ्या-पाचव्यालाही सहज साठच्या वर. लोकांची बिअर होती. लोकांना मदत लागत नव्हती. गोदाबाईंनी कारणं ऐकली आणि मान डोलावली. तिसरा ग्लास राहिला.

अण्णासाहेबांनी तो घेतला. घोट घेतला. खिडकीकडे बघितलं. पन्नासच्या वर आकडा दिला, की गावाला सरकार सांगतं, तुम्ही तुमचं बघा, आता आमचं तुमच्याकडे येणं नाही. इतकी वर्षं तो निरोप त्यांनी कुठल्याच गावाला दिला नव्हता.

"द्या की," कावेरीबाई हळूच म्हणाल्या. "लेकरू हुशार निघालं, त्याला आपण काय करायचं?"

"पंच्याऐंशी," अण्णासाहेब म्हणाले.

गोदाबाईंनी कारण विचारलं.

"आंबील आमच्या घरातली हाय. माझी आई करायची, ही पण करती. पण या पोराची आमच्यापेक्षा चांगली झाली."

सारंग टेबलावरचे ग्लास सरळ करू लागला. गोदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "भाषांतर कर," त्या म्हणाल्या. त्याने वाक्य सांगितलं. मधे एकदा थांबला. त्यांनी ते पुरं होऊ दिलं, मग तिसऱ्या पिंपावरची खूण स्वतःच्या हाताने पुसली.

अण्णासाहेब आणि कावेरीबाई परत आले, तेव्हा चारठाण्यात सोयाबीनची मळणी चालू होती. संध्याकाळी किशनराव ओट्यावर येऊन बसले. अण्णासाहेबांनी येताना विमानतळावर घेतलेल्या मऊ बिस्किटांचा डबा पुढे ठेवला. किशनरावांनी एक तोंडात घातलं, चघळलं आणि विचारात पडले.

"पोराची न्हाईत ही," ते म्हणाले.

"न्हाईत," अण्णासाहेब म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. बिअर, अडतीस, हरकत, पंच्याऐंशी. किशनरावांनी बिअरवर भुवईसुद्धा उडवली नाही. आकडे ऐकून मात्र त्यांचा हात बिस्किटावरच थबकला.

"पंच्याऐंशी?"

"हौ."

"साहेब, आमच्या शिवाराला तुमी कधी पन्नास दिले न्हाईत."

"तुमचं शिवार हितंच हाय ना."

किशनरावांनी हात डब्यातून काढून घेतला. "म्हणजे पोरगं आता तिकडंच?"

"तिकडंच. कायम झालं."

"मग खालीच ठेवायचे होते की हो."

"आधी तेच केलं होतं," अण्णासाहेब म्हणाले आणि डबा त्यांच्याकडे सरकवला. "घ्या अजून. मऊ हायत."