उतारावरचे सहा टक्के

"ही गाडी आहे की मोबाईल?" असं मी लेकीला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आवाज नाही, गिअर नाही, धूर नाही. बत्तीस वर्षं ट्रक चालवला मी. जिच्या पोटात खडखड नाही तिच्यावर माझा विश्वास कसा बसायचा? त्यात सारखे ते बॅटरीचे टक्के बघत बसायचे.

त्या सकाळी टक्केच आडवे आले. बायकोच्या हृदयाची झडप दुपारी तीनला बदलायची होती. रात्रभर घाटाखालच्या इस्पितळात तिच्या उशाशी बसून लेक पहाटे मला न्यायला घरी आली. गाडी चार्जिंगला लावणार, तोच नर्सचा फोन. ऑपरेशन अकरावर आणलंय, आज हुकलं तर नंबर थेट पुढच्या महिन्यात. "आणि काकू म्हणतायत, यजमानांना बघितल्याशिवाय मी आत जायची नाही."

तशीच गाडी काढली. चढावर गाडीने दोन ट्रक असे मागे टाकले की मी मनातल्या मनात वा म्हटलं. तोंडाने नाही.

घाटमाथ्यावर लेकीने आकडा बघितला. "वीस आहेत. उतारावर ही स्वतःच वीज भरून घेते, खाली पंचवीस होतील. तेवढ्यात पोहोचतो आपण." बोलता बोलता तिचे डोळे मिटत होते.

"सरक तिकडे," मी म्हटलं. "घाटात मला शिकवू नकोस."

"बाबा, फक्त ते..." एवढं म्हणेपर्यंत तिला झोप लागली.

उतार लागला की डिझेल वाचवायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. बटण फिरवून मी गाडी न्यूट्रलवर टाकली आणि ब्रेकवर पाय ठेवून अठरा किलोमीटर अलगद खाली आणली. पोरीचे टक्के वाचवतोय म्हणून स्वतःवरच खूश होतो.

पायथ्याशी बटण जागेवर आणलं, तेव्हा ती जागी झाली. "एकोणीस? असं कसं?" ती आकड्याकडे बघतच राहिली. "उतारावर चाकं मोटर फिरवतात, त्यातून वीज बनते. मग बनली का नाही?"

तेव्हा मला उमगलं. न्यूट्रलवर टाकून चाकांचा आणि मोटरचा संबंध मीच तोडला होता. सांगायला तोंड उघडलं, पण ती आधीच म्हणाली, "माझाच हिशोब चुकला." मी तोंड मिटलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं, ते आणखी वाईट.

आता ती चालवायला बसली. वाटेत चार्जिंगला थांबलो तर अकरा हुकणार होते. एसी बंद, काचा बंद, वेग चाळीस. मागून बसवाले हॉर्न मारून शिव्या घालत होते. बारा. नऊ. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायलाही ती स्टिअरिंगवरचा हात सोडत नव्हती. पाचवर गाडीने लाल दिवा लावला. शहराच्या तोंडाशी उड्डाणपूल दिसला, तेव्हा ती पुटपुटली, "आई गं, चढ." पुलावर सायकलवाला आमच्या पुढे गेला.

इस्पितळाच्या फाटकात एक टक्का उरला होता. आम्ही धावत वर गेलो, तर बायकोचं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारात अडवून ठेवलेलं. डॉक्टर घड्याळ बघत होते.

"आई, माफ कर गं. माझ्यामुळे उशीर झाला," लेक रडत म्हणाली. बायकोने तिच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. "आलात ना, बास." दार लागलं.

आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "विकून टाकते गाडी. तुमचंच खरं होतं, बाबा. तिच्या भरवशावर आईचा जीव टांगणीला लावला मी."

आता गप्प बसणं मला झेपेना. "गाडीचं काही चुकलं नाही. तुझंही नाही. घाटात मी न्यूट्रल टाकला होता. तू विचारलंस तेव्हाच मला कळलं होतं."

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी आईची माफी मागितली," ती हळूच म्हणाली. "तुम्ही शेजारीच उभे होतात."