टिकलीपर्यंत खोल

चकलांब्यात दाराचा विषय निघाला की लोक नाव घ्यायचे त्रिंबक सुताराचं आणि दार आणायचे गेवराईहून. लोखंडी, चकचकीत रंगाचं, टेम्पोत आडवं घातलेलं. किती वर्षं झाली, सागाचा दरवाजा असा त्रिंबकच्या हाताला लागलाच नव्हता. बाजेचे पाय, खिडकीची तुटकी दांडी, कुणी गेलं तर फोटोची चौकट, एवढ्यावर त्याचा हुन्नर दिवस काढत होता.

त्यामुळे विजयसिंहदादांचा नवा बंगला स्लॅबला आला आणि त्रिंबकची झोप उडाली. बंगल्याच्या तोंडाला भलामोठा रिकामा चौकोन होता. येता-जाता त्रिंबक त्या चौकोनाकडे असा बघायचा, जसं उपवर पोरीचा बाप दुसऱ्याच्या मांडवाकडे बघतो. मरायच्या आधी एक दार आपल्या हातचं उभं राहावं, माणसांनी त्याला हात लावून आत जावं, जाताना क्षणभर बोटं रेंगाळावीत, एवढंच त्याला पाहिजे होतं. त्याची बायको सत्यभामा तर भाकरी थापता थापता ओवी जुळवून मोकळी झाली होती :

सागाचा दरवाजा, त्याला कमळाची नक्षी
कंथ माझा सुतार गं, जोत्यावरली चिमणी साक्षी

विजयसिंहदादा पंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे वजन असलेला माणूस. त्यांनी त्रिंबकला बोलावून घेतलं ते मात्र दारासाठी नव्हे. स्वयंपाकघराच्या कपाटांच्या फळ्या शहरातून आल्या होत्या. पुढून आरशासारख्या लखलखीत, लालभडक. पण त्या बसवणारे कारागीर नवरात्रात गावी गेले ते फोन बंद करूनच, आणि वास्तुशांत तर दसऱ्याची. दादांनी अट घातली ती चारचौघांसारखीच सरळ वाटावी अशी. स्वयंपाकघर बिनडागाचं उभं केलं, तर पुढचं दार सागाचं आणि त्रिंबकच्या हातचं. एका फळीला जरी डाग पडला, तर गेवराईत लोखंडी दार बघून ठेवलेलंच आहे.

काम वरून सोपं होतं. फळीच्या पाठीमागे बिजागरीची वाटी बसेल एवढं गोल भोक पाडायचं. पण ते आरपार जाऊन चालत नव्हतं. बुड ताटलीसारखं सपाट पाहिजे, आणि फळी अशी पातळ की थोडं जास्त खोल गेलं की पुढच्या लाल आरशाला भोक. त्रिंबकचं जुनं गिरमिट सुताच्या रिळासारखं पिळाचं, ते लाकडात शिरलं की पलीकडे निघाल्याशिवाय थांबत नसे. असल्या भोकाला ड्रिल मशीनचं खास बिट, म्हणजे पुढं लावायचं पातं, लागतं. गेवराईच्या हार्डवेअरवाल्या मल्लिकार्जुनशेटनं ते मागवून देतो म्हणून सांगितलं, आणि ते येता येता खंडेनवमी उजाडली.

खंडेनवमी म्हणजे औजारांचा सण. सत्यभामेनं सकाळीच रंधा, करवत, पटाशी, हातोडी, गुण्या, सगळं धुऊनपुसून देवापुढं मांडलं. त्रिंबकचं विजेचं ड्रिल मशीनही वायरची गुंडाळी करून मांडलं. पेन्सिलही मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याची दुपार होईपर्यंत औजार उचलायचं नाही, हा त्या घरचा पिढ्यांचा नेम.

आणि दुपारी मल्लिकार्जुनशेट शेताकडे जाता जाता मोटारसायकल थांबवून पेटी देऊन गेला. म्हणजे जाणार होता, पण पेटी उघडलेली बघायची त्यालाही हौस. आत मखमलीच्या खाचांत बिटं निजलेली. एक फावड्यासारखं चपटं, एक दातेरी बांगडीसारखं, एक स्क्रूचं डोकं फळीत बुडवणारं टोकदार, आणि मधोमध ते वाटीचं बिट. कडेला धार, मध्ये बारीक टोक. त्रिंबकनं ते हातात घेतलं आणि मग देवापुढच्या मांडणीकडे बघितलं. मशीन फुलांखाली. संध्याकाळपर्यंत भोकं पडली नाहीत तर उद्या सकाळी दार गेलं.

त्यानं सत्यभामेला विचारलं, मशीन तेवढं उचलू का. तिनं भाकरीवरून मान वर केली नाही. पुजलेल्याला हात लावायचा न्हाई, म्हणाली.

"आन् ह्ये?" त्रिंबकनं बिट दाखवलं.

"त्येला आजून लाकूड ठावं न्हाई. त्ये कसलं औजार, निस्तं लोखंड हाय. एवढा पैका घालून आणलं, आता बसा बघत."

तिनं मारला होता टोमणा. त्रिंबकनं मात्र त्यातून परवानगी उचलली. पुजलेलं नाही म्हणजे औजार नाही, आणि औजार नाही तर नेम कसला. राहता राहिलं मशीन. मल्लिकार्जुनशेटच्या मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत पाटोद्याच्या गिऱ्हाइकासाठी नेलेलं नवं मशीन पडलेलं होतं. तो म्हणाला, घेऊन जा, अजून विकलं नाही, म्हणजे तेही औजार नाही, मालच आहे.

"शेट, तुमी पूजा न्हाई केली?"

"तराजूची केली. माल पुजाया लागलो तर इकू काय?"

धर्माचा असा चोख निवाडा झाल्यावर त्रिंबक बंगल्यावर गेला. गुण्या नाही, पेन्सिल नाही. काथ्याच्या दोरीला गाठी मारून त्यानं मापं घेतली आणि खिळ्यानं खुणा केल्या, खिळा हाही मालच. पहिलं भोक वाया गेलेल्या तुकड्यावर पाडून बघितलं. मशीन भरधाव सोडलं, तर बिट लाकूड कापायचं सोडून भाजायलाच लागलं. धूर निघाला, कड काळी पडली. मल्लिकार्जुनशेट शेतात जायचं विसरून तिथेच उभा. तो म्हणाला, "तात्या, ह्ये पळवायचं न्हाई, चालवायचं." मग त्रिंबकनं वेग कमी केला, हात जड केला, मधून मधून बिट वर काढून भुसा फुंकला. तेव्हा त्या बिटानं लाकडातून साय काढावी तसे पातळ पापुद्रे काढले, आणि खाली जे बुड निघालं ते नव्या ताटलीसारखं. त्रिंबकनं त्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काढलं नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातानं इतकं साफ भोक पाडलं नव्हतं.

खोलीची खूण कशी धरायची, हा प्रश्न सत्यभामेनं सोडवला. ती चहा घेऊन आली होती आणि कडेला उभी राहून बघत होती. तिनं पदराच्या गाठीतलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि बिटाच्या दांड्यावर एक लाल टिकली दाबली. टिकली फळीला टेकली की थांबायचं. त्या दिवशी एकही भोक टिकलीच्या पुढे गेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बंगल्यावर माणसं जमली. अंगणात शस्त्रपूजा मांडलेली. गंजकी तलवार, ट्रॅक्टर, वाळूची हायवा आणि जेसीबी. जेसीबी नवमीच्या रात्रभर गोदावरीत वाळू उपसत होता, तो परत आल्यावर त्याला हार घातला, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं ते त्रिंबकला. दादांच्या आईनं, वच्छलाबाईंनी. त्या स्वयंपाकघरात आल्या, उपड्या ठेवलेल्या फळ्यांवरची भोकं त्यांनी एकेक बघितली.

"त्रिंबक, कवा पाडली रं ही?"

"काल, काकू."

"नवमीला? औजारं उचललीस?"

औजारं उचलली नाहीत, असं म्हणून त्रिंबकनं सगळा निवाडा सांगितला. वच्छलाबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्यातलंच शेवटचं टोक धरलं. म्हणजे बिनपूजेच्या लोखंडानं पाडली तर. असल्या भोकांची कपाटं आपल्या चुलीपाशी लावायची नाहीत. औजार उचललं असतंस तर निदान ते पुजलेलं तरी असतं, असंही त्या म्हणाल्या. त्रिंबकनं दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, तात्या, जुन्या माणसानं एवढं तरी बघायला पायजे होतं.

मग तोड निघाली तीही काकूंचीच. बिटं आणि मशीन तलवारीशेजारी मांडा, दुधानं धुवा, पूजा करा, आणि तीच भोकं पुजलेल्या बिटानं पुन्हा पाडा.

"काकू, पडलेलं भोक पुन्यांदा कसं पाडावं?"

"भुसा पडला पायजे. मग मानीन."

भुसा पडायचा म्हणजे बुडाची साल निघायची, आणि बुडाखाली आता नखाएवढंच लाकूड उरलेलं. पूजा उरकली तोवर दुधानं बिटावरची टिकली वाहून गेली होती. त्रिंबकनं बायकांच्या घोळक्यात सत्यभामेला शोधलं. ती पुढे आली. पाकीट घरी राहिलं होतं. तिनं कपाळाची टिकली काढून बिटावर दाबली, केसभर वर, आणि भरल्या सणाला रित्या कपाळानं परत जाऊन उभी राहिली.

त्रिंबक एकेका भोकात बिट उतरवत गेला. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. बिट बुडाला टेकायचं, एक फेरा, दोन फेरे, चिमूटभर भुसा, की वर. काकू भुसा बोटावर घेऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. शेवटचं भोक राहिलं तेव्हा दादांच्या एका कार्यकर्त्याच्या मनात आलं की हे दादांच्या हस्ते व्हावं. फोटो चांगला येईल. फोन वर झाले. दादांनी फेटा सावरला, मशीन हातात घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. त्रिंबक म्हणाला, दादा, हळू, टिकली टेकली की थांबा. दादा थांबले ते फोटो निघाल्यावर.

आवाज त्रिंबकला सगळ्यांआधी कळला. लाकडाचा खर्ज असतो, आणि लाकूड संपलं की बिट एकदम उंच सुरात ओरडतं. भुसा भरपूर पडला. टाळ्या झाल्या. मग फळी उलटली. लाल आरशाच्या मधोमध बारीक टोक बाहेर आलेलं, आणि भोवती चिरा, ऊन लागलेल्या शेतासारख्या.

दादांनी फळीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा सभेत आकडा चुकल्यावर होतो तसा क्षणभर होऊन पुन्हा जागेवर आला.

"तात्या, काल तुमी इथं जरा जास्त खोल घेतल्यालं दिसतंय."

त्रिंबकनं भोकातला भुसा बोटानं उकरला. भुशात टिकली होती, चुरगळून गोळी झालेली. ज्या टिकलीनं फळीवर थांबायचं, ती भोकाच्या आत. ती बोटावर धरून नुसता हात वर केला असता तरी चूक कुणाची ते कळलं असतं. सत्यभामा बघत होती. तिचे ओठ हलायला लागले होते. पुढच्या चौकटीतला रिकामा चौकोन त्रिंबकला तिथूनही दिसत होता, आणि त्यातून गेवराईचा रस्ता.

त्यानं टिकली खिशात टाकली.

"आसंल, दादा. वय झालं. हात चुकला आसंल."

दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की चूक माणसाच्याच हातून होते, आपण शब्दाचे पक्के आहोत, पुढचं दार त्रिंबकतात्याच करतील. पुन्हा टाळ्या झाल्या. दादांच्या मनाच्या मोठेपणाची गोष्ट जेवणाच्या पंगतीतच दोन गावं पुढे गेली. काकू म्हणाल्या, फळी तशीच लावा, आता ती पुजलेल्या बिटाची आहे.

घरच्या उंबऱ्यापाशी सत्यभामा एवढंच म्हणाली, "दार तरी असं करा, की बघणाऱ्याला बाकी काही बघू वाटू नये."

त्यानं तसंच केलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सागाला तेल पाजलं, कमळं कोरली, कुलपाचं भोक पाडताना चपट्या बिटाचं टोक पलीकडे दिसताच फळी उलटून दुसऱ्या अंगानं पाडलं, म्हणून कडेचा एक तंतूही फाटला नाही. दार बसलं त्या दिवशी त्रिंबक ओट्याच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि लोक कसे हात लावतात ते बघत राहिला.

हळदीकुंकवाला बायका आल्या. दार उघडंच होतं, भिंतीला टेकून. एकेक बाई तांब्यातलं पाणी पायावर घेई, पदर सावरी, आणि दाराकडे न बघता तरातरा आत जाई.

"कुठं हाय गं त्ये," आतून आवाज येई, "त्रिंबक सुतारानं चुकून पाडल्यालं भोक?"