माळवदावरची माती

किल्लारीच्या भूकंपानंतर उदगीरच्या पेठेनं माळवदांचा धसका घेतला. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, असं ते छत. रेणुकादासरावांनी तेव्हाच आपल्या घराच्या माळवदाला माती देणाऱ्या मलप्पाला बजावलं होतं, दर उन्हाळ्यात जुना थर खरडून काढायचा, मगच नवा द्यायचा. मलप्पानं चार-पाच वर्षं तसं केलं. पण खरडायला तीन दिवस लागत, पसरायला एकच. छत गळत नव्हतं. वर चढून बघतंय कोण? पुढं वीस वर्षं तो मातीवर मातीच देत गेला.

यंदा रावांनी घर साड्यांच्या दुकानाला दिलं. दुकानदाराला बैठकीतला मधला खांब नको होता. गिऱ्हाइकाला रस्त्यावरून थेट आतल्या साड्या दिसल्या पाहिजेत. खांब काढून लोखंडी गर्डर घालायचं काम मलप्पाच्या भाच्यानं, शिवप्पा मिस्त्रीनं घेतलं. गर्डर बसेपर्यंत छताला टेकू किती द्यायचे, हे विचारायला तो मामाकडंच वळला.

"वर माती किती हाय, मामा?"

राव तिथंच खुर्ची टाकून बसले होते.

"वीतभर," मलप्पा म्हणाला. "तरी टेकू चार लाव."

"वीतभर मातीला चार? म्हातारपणी लई भ्यायलाव की."

शिवप्पानं दोनच लावले. राव नसताना सांगू, असं घोकत मलप्पा दोन दिवस तिथं गेला आणि न सांगताच परतला. तिसऱ्या दिवशी दुपारी खांब निघाला आणि छत खाली बसलं. शिवप्पाला बाहेर काढायला दिवस मावळला.

पंचनाम्याला नगरपालिकेचा साहेब आला. तुटल्या कडेला मातीचे थर उघडे पडले होते, एकावर एक, मांडीइतके. दुष्काळाच्या साली पांढरी माती मिळाली नव्हती म्हणून मुरूम मिसळला होता, तो तांबूस थरही मलप्पाला ओळखू आला. एवढी माती कशी, साहेबानं विचारलं. राव म्हणाले, आम्ही तर दर साली खरडून घेतो, खालची वाडवडिलांच्या काळची असेल.

शिवप्पाची बायको सरजाबाई पायरीवर बसली होती. तिनं मान वर केली.

"मामा, तुमी खरडत हुताव न्हवं?"

मलप्पानं तिच्याकडं बघितलं नाही.

"हाव."

साहेबानं लिहिलं, वर चढून माती न मोजता काम केलं, चूक मयत मिस्त्रीची. साक्षीदार म्हणून मलप्पानं खाली अंगठा दिला.